आवडत्या सूत्रसंचालकावरील आरोप, निधीसंकलनाची मोहीम आणि आपली मासिक देणगी

मासिक_सभासद यांचा प्रश्न

अमेरिकेत आल्यापासून मी आमच्या शहरातील सार्वजनिक रेडिओ केंद्राची नियमित श्रोती आहे आणि बऱ्याच काळापासून त्याची मासिक देणगीदारही आहे. रक्कम मोठी नाही, पण जाहिरातदारांच्या मर्जीवर न चालणारी आणि श्रोत्यांच्या पैशावर उभी असलेली बातमीसेवा मला मोलाची वाटते, म्हणून ती देताना नेहमीच समाधान वाटत आले आहे.

या वर्षी शरद ऋतूतील निधीसंकलन मोहीम सुरू असतानाच केंद्राने आपल्या सकाळच्या चर्चेच्या कार्यक्रमाच्या सूत्रसंचालकांना कामावरून दूर केले. निवेदन अगदी त्रोटक होते. सहकाऱ्यांशी केलेल्या वर्तनाबद्दल तक्रारी आल्या, बाहेरच्या वकिलांकडून चौकशी करून घेतली आणि ते वर्तन संस्थेच्या मूल्यांना धरून नसल्याचे आढळले, एवढेच त्यात म्हटले होते. निवेदन वाचून झाल्यावर लगेच फोन क्रमांक सांगून देणगीचे आवाहन पुढे सुरू झाले. काही दिवसांतच त्यांच्या जुन्या मुलाखती संकेतस्थळावरून नाहीशा झाल्या. मी केंद्राला सविस्तर पत्र लिहिले, त्यावर कर्मचाऱ्यांविषयीच्या बाबींवर संस्था भाष्य करत नाही, असे एका ओळीचे उत्तर आले.

मला त्या गृहस्थांच्या खासगी आयुष्यात डोकावायचे नाही. तक्रार करणाऱ्यांची नावेही मला नकोत; ती बाहेर येऊ नयेत असेच मला वाटते. परंतु ज्या संस्थेला मी पैसे देते आणि जी दर मोहिमेत ‘हे केंद्र तुमचे आहे’ असे मला सांगते, तिने अशा प्रसंगी मला किती सांगणे लागते? हे वर्तन व्यवस्थापनाला आधीपासून ठाऊक होते का, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार देणगीदाराला असतो का? आणि देणगी थांबवली तर त्याची झळ नेमकी कोणाला बसते? आपल्यापैकी ज्यांना या क्षेत्राची माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

हिमवाट

मी मिनेसोटात राहतो, त्यामुळे तुमचा प्रश्न आमच्याकडे फार मोठ्या प्रमाणावर घडून गेलेला आहे. गॅरिसन कीलर यांनी ‘अ प्रेअरी होम कम्पॅनियन’ हा गाण्यांचा आणि गोष्टींचा रेडिओ कार्यक्रम १९७४ साली सुरू केला आणि २०१६ पर्यंत, मधला काही काळ वगळता, तो स्वतः सादर केला. मिनेसोटा पब्लिक रेडिओ ही संस्था देशभर पोहोचली त्यात त्या कार्यक्रमाचा वाटा फार मोठा होता. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी संस्थेने अचानक जाहीर केले की कीलर यांच्याबरोबर काम केलेल्या एका व्यक्तीशी अनुचित वर्तन केल्याचे आरोप समोर आल्यामुळे त्यांच्याशी आणि त्यांच्या खासगी कंपन्यांशी असलेले सर्व करार संपवण्यात येत आहेत. आरोप काय होते ते सांगितले नाही. जुने कार्यक्रम संकेतस्थळावरून काढले गेले आणि कार्यक्रमाचे नावही बदलायचे ठरले.

त्या मौनाचा परिणाम आम्ही पुढचे जवळजवळ आठ आठवडे पाहिला. कीलर स्वतः बोलत होते. आपण एका स्त्रीचे सांत्वन करताना तिच्या पाठीवर हात ठेवला, सदरा उघडा असल्यामुळे तो उघड्या पाठीला लागला आणि आपण लगेच माफी मागितली, असे त्यांचे म्हणणे होते. संस्था काहीच बोलत नसल्यामुळे असंख्य श्रोत्यांनी हीच संपूर्ण हकीकत मानली, संस्थेवर अन्यायाचा आरोप केला आणि अनेकांनी सभासदत्व सोडले. शेवटी २३ जानेवारी २०१८ रोजी संस्थेचे प्रमुख जॉन मॅकटॅगर्ट यांनी श्रोत्यांना पत्र लिहून सांगितले की तक्रार एका स्पर्शापुरती नव्हती, तिच्यात अनेक वर्षांमधील डझनावारी प्रसंगांचा उल्लेख होता. कीलर यांनी हे आरोप मान्य केले नाहीत.

मला विशेष महत्त्वाची वाटते ती दुसरी घटना. त्याच दिवशी मिनेसोटा पब्लिक रेडिओच्या बातमीविभागाने, म्हणजे त्याच संस्थेच्या पगारी पत्रकारांनी, स्वतंत्रपणे केलेला शोधवृत्तान्त प्रसिद्ध केला. कीलर यांच्या वर्तनामुळे अनेक स्त्रियांना अपमानित झाल्यासारखे वाटत होते आणि हे बरीच वर्षे चालले होते, असे त्यात मांडले होते. व्यवस्थापन जे सांगायला तयार नव्हते ते व्यवस्थापनाच्याच छताखालच्या पत्रकारांनी खणून काढले आणि व्यवस्थापनाने त्यांना अडवले नाही. पुढे एप्रिल २०१८ मध्ये समझोता होऊन संस्थेने कीलर यांच्या बाजूला २,७५,००० डॉलर दिले आणि जुने कार्यक्रम पुन्हा ऐकण्यासाठी उपलब्ध झाले.

म्हणून माझे तुम्हाला पहिले सांगणे असे की देणगी थांबवण्याआधी केंद्राचा बातमीविभाग या प्रकरणाचे वार्तांकन करतो आहे का, ते पाहावे. करत असेल तर ज्या गोष्टीसाठी आपण पैसे देतो ती अजून जिवंत आहे. करत नसेल तर पत्र जनसंपर्क विभागाला न पाठवता वृत्तसंपादकांना पाठवावे.

उंबरठा

मला येथे वेगळे मत मांडावेसे वाटते. देणगीदार हा मालक नव्हे. आपण रुग्णालयाला देणगी देतो म्हणून तिथल्या डॉक्टरांच्या सेवापुस्तिका आपल्याला वाचायला मिळत नाहीत, आणि मिळूही नयेत. तक्रार गोपनीय राहील अशी खात्री असते म्हणूनच माणसे तक्रार करतात. श्रोत्यांचे कुतूहल भागवण्यासाठी संस्थेने तपशील जाहीर करायला सुरुवात केली, तर पुढची तक्रार येणारच नाही. एका छोट्या कार्यालयात सात-आठ माणसे काम करत असतात. ‘एक कनिष्ठ निर्माती’ एवढे म्हटले तरी ती कोण हे सर्वांना कळते.

दुसरा मुद्दा आरोपीच्या बाजूचा आहे. कॅनडाच्या सीबीसी या सार्वजनिक प्रसारणसंस्थेच्या रेडिओवरील सूत्रसंचालक जियान गोमेशी यांना ऑक्टोबर २०१४ मध्ये काढून टाकण्यात आले, त्यांच्यावर खटला चालला आणि मार्च २०१६ मध्ये लैंगिक अत्याचाराच्या आरोपांतून न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. तोपर्यंत समाजाने निकाल कधीच देऊन टाकला होता. प्रसिद्ध माणसाचे खासगी आयुष्य हे प्रसिद्ध नसलेल्या माणसाच्या आयुष्याइतकेच खासगी असते, असे माझे ठाम मत आहे. संस्थेने चौकशी केली, निर्णय घेतला, तो कळवला. याहून अधिक मागण्याचा अधिकार मला तरी वाटत नाही.

ध्वनिफीत

उंबरठा, तक्रारदारांच्या गोपनीयतेबद्दल तुम्ही लिहिले आहे ते मला पूर्णपणे मान्य आहे, परंतु तुम्ही दिलेले उदाहरण तुमच्या निष्कर्षापर्यंत पोहोचत नाही. गोमेशी यांनी काढले गेल्यावर लगेच फेसबुकवर मोठे निवेदन लिहून, आपल्या खासगी लैंगिक आयुष्यामुळे आपली नोकरी गेली, असेच म्हटले होते. सुरुवातीला अनेकांना ते पटलेही. पुढे सीबीसीने कामगार कायद्याच्या तज्ज्ञ वकील जॅनिस रुबिन यांच्याकडून चौकशी करून घेतली आणि एप्रिल २०१५ मध्ये तिचा अहवाल जाहीर केला. त्या अहवालाचा विषय त्यांचे खासगी आयुष्य हा नव्हताच. कार्यक्रमाच्या चमूशी त्यांचे रोजचे वागणे संस्थेच्या नियमांत बसत नव्हते, वरिष्ठांना त्याची जाणीव होती आणि तरीही ते वागणे चालू दिले गेले, हा त्याचा मुख्य निष्कर्ष होता. दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांना पद सोडावे लागले. मे २०१६ मध्ये एका माजी सहकारी स्त्रीच्या तक्रारीसंदर्भात गोमेशी यांनी न्यायालयात कार्यालयातील वर्तनाबद्दल माफी मागितली आणि चांगल्या वर्तनाचे हमीपत्र दिल्यावर तो आरोप मागे घेण्यात आला. फौजदारी न्यायालयातील पुराव्याचा निकष आणि कामाच्या जागी सुरक्षित वातावरण देण्याची संस्थेची जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मी अमेरिकेतील एका सार्वजनिक रेडिओ केंद्रात बरीच वर्षे निर्मितीसाहाय्यक आणि नंतर निर्माती म्हणून काम केले आहे, त्यामुळे आतली रचना कशी असते ते थोडे सांगते, कारण बाहेरून ती दिसत नाही.

चर्चेच्या एका तासाच्या कार्यक्रमामागे पाहुणे शोधणारे, टिपणे काढणारे, फोन घेणारे आणि ध्वनी संपादित करणारे असे अनेक लोक असतात. त्यांतले बरेच जण तरुण असतात, काही प्रशिक्षणार्थी असतात, काही कंत्राटी असतात आणि काहींना तर ठरलेल्या कामाच्या दिवसांचेच पैसे मिळतात. या क्षेत्रात पगारी जागा थोड्या आणि इच्छुक पुष्कळ. एका नामवंत सूत्रसंचालकाची शिफारस मिळाली तर पुढची नोकरी मिळते, आणि त्याने नाक मुरडले तर दरवाजे बंद होतात. याच माणसाच्या आवाजावर निधीसंकलन मोहीम चालते. मोहिमेच्या दिवसांत दर तासाला किती रक्कम जमली, किती नवे सभासद मिळाले आणि कोणाच्या कार्यक्रमात फोन जास्त आले याचे तक्ते कार्यालयात फिरतात. एखादा मोठा दाता ‘या तासात जेवढे जमेल तेवढीच भर मी घालीन’ असे आव्हान देतो, तेव्हा ते आव्हान कोणाच्या तासाला ठेवायचे हेसुद्धा आधी ठरते, आणि ते बहुधा सर्वांत लाडक्या आवाजाच्या तासाला ठेवले जाते. ज्याच्या तासाला सर्वाधिक पैसे जमतात त्याच्याविरुद्ध तक्रार घेऊन जाणाऱ्या चोवीस वर्षांच्या मुलीला समोरच्या अधिकाऱ्याच्या मनात कोणता हिशोब चालू असेल हे न सांगता कळते.

याचसाठी मला वाटते की श्रोत्याची देणगी या प्रकरणाच्या बाहेर नाही. देणगीदाराने माणसावर केलेले प्रेम व्यवस्थापनाच्या तक्त्यात आकडा होऊन बसते आणि तोच आकडा पुढे तक्रारीच्या विरुद्ध पारड्यात पडतो. श्रोत्याचा यात काहीही दोष नाही, पण आपल्या पैशाचा असा उपयोग झाला का, हे विचारण्याचा अधिकार त्याला निश्चितच आहे. त्या माणसाने काय केले, हे विचारण्याची गरज नाही. व्यवस्थापनाला पहिल्यांदा कधी कळले, कळल्यावर काय केले, आणि ते करण्यात किती काळ गेला, हे तीन प्रश्न कोणाचेही नाव न घेता विचारता येतात आणि त्यांची उत्तरेही कोणाचे नाव न घेता देता येतात.

बॉस्टनच्या डब्ल्यूबीयूआर केंद्राचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. ‘ऑन पॉइंट’ या चर्चेच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालक टॉम ॲशब्रुक यांच्याविषयी तक्रारी आल्यावर डिसेंबर २०१७ मध्ये त्यांना रजेवर पाठवले गेले. चौकशीत विद्यापीठाच्या नियमांनुसार तो लैंगिक छळ ठरला नाही, पण त्यांनी कामाच्या जागी अपमानाचे, धाकाचे वातावरण निर्माण केले असे आढळले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांना दूर करण्यात आले. हे दोन्ही निष्कर्ष केंद्राचा परवाना असलेल्या बॉस्टन विद्यापीठाने सार्वजनिक केले. एकाही तक्रारदाराचे नाव न घेता श्रोत्यांना कळले की प्रकरण कशाचे होते आणि कशाचे नव्हते. संबंधित सूत्रसंचालकालाही त्यामुळे न्याय मिळाला, कारण ‘अनुचित वर्तन’ या मोघम शब्दांखाली लोक नेहमी सर्वांत वाईट तेच कल्पितात.

मासिक_सभासद

ध्वनिफीत, आपण दिलेले तीन प्रश्न मी जसेच्या तसे पुढच्या पत्रात घालणार आहे. हिमवाट यांच्या सूचनेप्रमाणे मी शोध घेतला. आमच्या केंद्राच्या बातमीविभागाने आतापर्यंत एकच छोटी बातमी दिली आहे आणि तीत निवेदनातीलच वाक्ये आहेत. एक शंका मात्र उरते. काही परिचितांचे म्हणणे असे की सार्वजनिक रेडिओत माणसांना काढण्याचे प्रकार राजकीय दबावामुळे होत असतात आणि हाही त्यातलाच असू शकतो. यावर कोणी लिहील का?

दुसरी_बाजू

राजकीय कारणांवरून झालेले वाद आणि सहकाऱ्यांशी केलेल्या वर्तनावरून झालेले वाद हे एकाच टोपलीत घालू नयेत, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण दोन्हींमध्ये संस्थेची चूक वेगवेगळ्या जागी असते.

ऑक्टोबर २०१० मध्ये एनपीआरने (नॅशनल पब्लिक रेडिओ, म्हणजे देशभरातील सार्वजनिक केंद्रांना बातम्या आणि कार्यक्रम पुरवणारी संस्था) विश्लेषक हुआन विल्यम्स यांचा करार संपवला. त्यांनी फॉक्स वाहिनीवर, विमानात मुस्लिम पेहरावातील प्रवासी दिसले की आपल्याला अस्वस्थ वाटते, अशा अर्थाचे विधान केले होते. त्यांच्याशी समोरासमोर न बोलता फोनवरून निर्णय कळवला गेला. वर एनपीआरच्या प्रमुख व्हिव्हियन शिलर यांनी, या भावना त्यांनी आपल्या मानसोपचारतज्ज्ञाजवळ किंवा प्रसिद्धिप्रमुखाजवळ ठेवायला हव्या होत्या, असे उद्गार काढले आणि नंतर त्याबद्दल माफी मागितली. हे सारे अनेक केंद्रांच्या शरद ऋतूतील मोहिमेच्या ऐन मध्यावर घडले. श्रोत्यांचे संतप्त फोन देणगीसाठी बसलेल्या स्वयंसेवकांनी घेतले. ज्या केंद्रांचा निर्णयात कसलाही हात नव्हता त्यांना उत्तरे द्यावी लागली. जानेवारी २०११ मध्ये बातमीविभागाच्या प्रमुख एलन वाइस पायउतार झाल्या. मार्चमध्ये निधीसंकलन विभागाचे रॉन शिलर (व्हिव्हियन यांचे नातेवाईक नव्हेत) यांचे छुप्या कॅमेऱ्याने केलेले चित्रीकरण बाहेर आले. खोट्या मुस्लिम संस्थेच्या नावाने पन्नास लाख डॉलरची देणगी देऊ करणाऱ्यांशी जेवताना त्यांनी टी पार्टी या उजव्या विचारांच्या चळवळीविषयी आणि सरकारी अनुदानाविषयी नको ते बोलून टाकले होते. दुसऱ्याच दिवशी, ९ मार्च २०११ रोजी, व्हिव्हियन शिलर यांनाही जावे लागले. चित्रफितीचे संपादन दिशाभूल करणारे होते हे पुढे अनेकांनी दाखवून दिले, तरी देणगीदाराला खूश करण्यासाठी माणूस काय काय बोलतो हा धडा त्यात होताच.

या प्रकरणांत प्रश्न मतस्वातंत्र्याचा, नियमांच्या सारख्या अंमलबजावणीचा आणि घिसाडघाईचा होता. मायकल ओरेस्केस यांचे प्रकरण अगदी निराळे. ते एनपीआरच्या बातमीविभागाचे प्रमुख होते. ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी वॉशिंग्टन पोस्टने वृत्त दिले की १९९० च्या दशकात, ते न्यूयॉर्क टाइम्समध्ये असताना, नोकरीविषयी बोलायला आलेल्या दोन स्त्रियांशी त्यांनी गैरवर्तन केल्याची तक्रार आहे. दुसऱ्या दिवशी त्यांचा राजीनामा घेण्यात आला. तोवर लक्षात आले की एनपीआरमधील एका कर्मचारी स्त्रीने २०१५ मध्येच त्यांच्याविरुद्ध तक्रार केली होती, त्यांना समज देण्यात आली होती आणि ते पदावर कायम राहिले होते. बाहेरचे वृत्तपत्र लिहीपर्यंत आत काही हलले नाही. त्याच संध्याकाळी एनपीआरच्या ‘ऑल थिंग्ज कन्सिडर्ड’ या बातम्यांच्या कार्यक्रमात मेरी लुईस केली यांनी आपल्याच संस्थेचे प्रमुख यार्ल मोन यांची मुलाखत घेतली आणि इतका उशीर का झाला, हे त्यांना पुन्हा पुन्हा विचारले. ती मुलाखत मी गाडी थांबवून ऐकली. एखाद्या संस्थेवरचा विश्वास टिकण्यासारखे काही उरले असेल तर ते असेच दिसते.

तेव्हा तुमच्या परिचितांना इतकेच सांगावे की राजकीय दबाव खरा असतो, पण कनिष्ठ सहकाऱ्यांच्या तक्रारींना राजकारण म्हणून बाजूला सारणे ही त्या सहकाऱ्यांवर दुसरी आपत्ती असते.

उंबरठा

ध्वनिफीत आणि दुसरी_बाजू यांचे प्रतिसाद काळजीपूर्वक वाचले. व्यवस्थापनाला कधी कळले हा प्रश्न खासगीपणाचा भंग न करता विचारता येतो, हे मला पटले. जुन्या मुलाखती काढून टाकण्याला मात्र माझा विरोध कायम आहे. त्या मुलाखतींमध्ये पाहुण्यांचे शब्द आहेत, निर्मात्यांचे श्रम आहेत, आणि त्या श्रोत्यांच्या पैशावर तयार झालेल्या आहेत. एका माणसाच्या वर्तनासाठी त्या सर्वांचे काम पुसून टाकणे मला योग्य वाटत नाही. पानावर वर एक स्पष्ट टीप घालावी आणि मुलाखत राहू द्यावी.

ताळेबंद

मी व्यवसायाने लेखापाल आहे आणि ना-नफा संस्थांचे हिशोब पाहतो, म्हणून देणगीच्या बाजूने लिहितो.

सर्वप्रथम पैसा कोठून येतो ते पाहू. १९६७ च्या सार्वजनिक प्रसारण कायद्याने कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग ही संस्था निर्माण झाली आणि तिच्यामार्फत केंद्रांना सरकारी अनुदान मिळू लागले. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने पुढील दोन वर्षांसाठी मंजूर असलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले आणि ऑगस्टच्या सुरुवातीला त्या संस्थेने आपले काम आवरते घेत असल्याचे जाहीर केले. याचा अर्थ केंद्रांचा भार श्रोत्यांच्या देणग्यांवर आणि प्रायोजकांवर पूर्वीपेक्षा अधिक पडतो. ध्वनिफीत यांनी लाडक्या आवाजाच्या ताकदीविषयी जे लिहिले ते यापुढे आणखी खरे ठरेल, अशी मला काळजी वाटते. अनुदानाबरोबर काही अटीही येत असत. संचालक मंडळाच्या सभा खुल्या ठेवणे आणि हिशोब लोकांना पाहू देणे या त्यांतल्या प्रमुख होत्या. अनुदान गेल्यावरही आपले केंद्र त्या पाळणार आहे का, हे देणगीदारांनी आवर्जून विचारावे.

देणगीदारांचा विश्वास केंद्रांनी यापूर्वीही गमावला आहे आणि तो प्रश्न विचारल्यामुळेच सुधारला आहे. १९९९ मध्ये बॉस्टनमधील एका आईने आपल्या चार वर्षांच्या मुलाच्या नावाने डब्ल्यूजीबीएच या केंद्राला देणगी दिली होती. काही दिवसांनी त्या मुलाच्या नावाने डेमोक्रॅटिक पक्षाचे निधीसाठीचे पत्र घरी आले. केंद्राने देणगीदारांची यादी पक्षाबरोबर अदलाबदल केली होती. एका पत्रावरून सुरू झालेल्या चौकशीत असे करणारी इतर केंद्रेही सापडली आणि राजकीय पक्षांशी याद्यांची देवघेव बंद करावी लागली.

आता तुम्हाला प्रत्यक्ष काय करता येईल ते. केंद्र स्वतंत्र ना-नफा संस्था असेल तर तिचे ‘फॉर्म ९९०’ हे वार्षिक विवरणपत्र कोणालाही पाहता येते. त्यात पदाधिकाऱ्यांचे वेतन असते, वर्षाला एक लाख डॉलरहून अधिक मिळवणाऱ्या, सर्वाधिक वेतनाच्या पाच कर्मचाऱ्यांची नावे असतात, आणि तेवढ्याच मर्यादेवरच्या पाच मोठ्या कंत्राटदारांची नोंदही असते. हा शेवटचा रकाना अवश्य पाहावा. प्रसिद्ध सूत्रसंचालक पुष्कळदा स्वतःच्या कंपनीमार्फत काम करतात, त्यांचा चमू अर्धा केंद्राचा आणि अर्धा त्या कंपनीचा असतो, आणि अशा ठिकाणी तक्रार कोणाकडे करायची हेच कर्मचाऱ्याला ठाऊक नसते. केंद्राचा परवाना विद्यापीठाकडे असेल तर स्वतंत्र ९९० बहुधा मिळणार नाही. विद्यापीठ राज्य सरकारचे असेल तर त्या राज्याच्या माहितीच्या कायद्याखाली अर्ज करता येतो.

त्यानंतर संचालक मंडळाच्या सभेला जावे. बहुतेक सभांत श्रोत्यांना बोलण्यासाठी थोडा वेळ राखलेला असतो आणि तिथे फार थोडे लोक येतात, म्हणून शांतपणे विचारलेला प्रश्न इतिवृत्तात नोंदला जातो. ध्वनिफीत यांच्या तीन प्रश्नांत मी दोन जोडतो. तडजोडीपोटी पैसे दिले गेले असतील तर ते विम्यातून दिले की श्रोत्यांच्या निधीतून? आणि कर्मचाऱ्यांना बोलू न देणारी कलमे अजून कोणाच्या करारात आहेत का? डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या संघराज्याच्या कायद्यानुसार, वाद उद्भवण्याआधी सही करून घेतलेली अशी कलमे लैंगिक छळाच्या बाबतीत न्यायालयात टिकत नाहीत. पण छापील करारांत ती तशीच पडून असतात आणि कर्मचारी त्यांना घाबरून गप्प राहतात.

देणगी थांबवण्याविषयी तुम्ही विचारले आहे. मासिक देणगी हा केंद्राच्या उत्पन्नातील सर्वांत भरवशाचा भाग असतो आणि पगार त्यावर ठरतात. ती आटली की कपात वरच्या मजल्यापासून सुरू होत नाही. कंत्राटी निर्माते आणि प्रशिक्षणार्थी आधी जातात, म्हणजे ज्यांनी तक्रार करण्याचे धैर्य दाखवले त्यांच्याच वर्गातली माणसे. म्हणून माझा सल्ला असा की देणगी या घटकेला थांबवू नये, पण तिची मुदत बांधावी. अध्यक्ष आणि संचालक मंडळ या दोघांना पत्र लिहून पाच प्रश्न विचारावेत, पुढील वसंत ऋतूतील मोहिमेपर्यंत उत्तर अपेक्षित असल्याचे कळवावे आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्यास देणगी बंद करून तसे करण्याचे कारणही लेखी देणार असल्याचे सांगावे. कारण न देता बंद झालेली देणगी त्यांच्या नोंदीत कार्डाची मुदत संपलेल्या सभासदांबरोबर मोजली जाते आणि तिचा अर्थ कोणालाच कळत नाही.

मासिक_सभासद

ताळेबंद, एक शेवटची विचारणा. माझी देणगी केवळ बातमीविभागासाठी वापरावी, अशी अट मला घालता येईल का?

ताळेबंद

घालता येते, आणि केंद्राने ती लेखी स्वीकारली तर हिशोबात ती रक्कम वेगळी दाखवणे त्याला बंधनकारक होते. मात्र लहान मासिक रकमांवर अशा अटी स्वीकारायला केंद्रे सहसा तयार नसतात, कारण प्रत्येक रकमेचा माग वेगळा ठेवावा लागतो. मोहिमेच्या वेळी केवळ वार्तांकनासाठी स्वतंत्र निधी जाहीर झाला असेल तर त्यात देणे सोपे पडेल. तसा निधी नसेल तर तो सुरू करण्याची मागणी पत्रात सहावा मुद्दा म्हणून घालावी, आणि पत्राची प्रत वृत्तसंपादकांनाही द्यावी, म्हणजे आपल्या विभागासाठी श्रोते काय मागत आहेत हे त्यांना व्यवस्थापनाच्या तोंडून ऐकावे लागणार नाही.